आत्या, तक्त्याने रमीलाबेनचं नाव घेतलंच नव्हतं

आत्या, तुला जाऊन आज अठरा दिवस झाले, पण तुझा मोबाइल मी अजून बंद केलेला नाही. करवत नाही, आणि करताही येत नाही, कारण तो रोज वाजतो. परवा एका मुलीचा फोन आला. पीएच.डी. करते, आवाज रडकुंडीला आलेला. मी हॅलो म्हणायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, माझा काय-स्क्वेअर सिग्निफिकंट आला! आता पुढे काय लिहू?"

मी तिला सांगितलं, मॅडम गेल्या. ती खरंच रडायला लागली. मला कुणाची समजूत घालता येत नाही हे तुला माहीतच आहे. म्हणून मी विचारलं, "कुठल्या घरात आला?"

ती रडायची थांबली. "म्हणजे?"

"तक्त्याच्या कुठल्या घरातला आकडा अपेक्षेपेक्षा जास्त हटलाय, ते बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. मग आम्ही दोघांनी फोनवर तिचा अख्खा तक्ता घराघराने तपासला. शेवटी तिने अदबीने विचारलं, "सर, आप भी प्रोफेसर हो?" मी म्हटलं, "नाही बेन, मी गोरव्यातल्या एका कारखान्यात पितळेचे वॉल्व्ह तपासतो." तू असतीस तर हसून हसून डोळे पुसले असतेस.

तू संख्याशास्त्र कुठे शिकवलंस, किती वर्षं शिकवलंस, तुझ्या हाताखालून किती जण गेले, ते कॉलेजची माणसं लिहितील. त्यांना ते चांगलं जमतं. मला फक्त शहरातल्या वाडी भागातल्या तुझ्या त्या वरच्या दोन खोल्या दिसतात. जिन्यात चपलांचा ढीग, आत सतरंजीवर तीन-चार मुलं, मध्ये लीलो, म्हणजे बटाट्याच्या ओल्या, चेवड्याची पुडी, आणि तू खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली. कुणीतरी धापा टाकत जिना चढायचं आणि सांगायचं, "मॅडम, पी-व्हॅल्यू आली!" तू म्हणायचीस, "आली? अरे वा. बसव तिला, पाणी दे, आणि विचार, कुठून आलीस, कशाला आलीस."

मुलं हसायची, पण तुझा खास विनोद त्यांच्या कामाचा नव्हता. तो फक्त मराठीत जमायचा, म्हणून माझ्यासाठी राखून ठेवलेला. "नंदू, या चाचणीच्या नावातच प्रश्न आहे बघ. काय? काय-स्क्वेअर! ती उत्तर देत नाही, ती उलट तुलाच विचारते, काय रे, काय झालं इथे?" हा विनोद तू मला किमान पन्नास वेळा सांगितला असशील, आणि दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखी खूश व्हायचीस.

मला तो विनोद खरा समजला तो गेल्या श्रावणात. त्याबद्दलच लिहायचंय. त्यातलं एक तुला सांगायचं राहिलंय.

आमच्या कारखान्यात पाच ड्रिलिंग मशीन आहेत, पाच ऑपरेटर. पितळेच्या वॉल्व्हना भोकं पाडायची, आटे पाडायचे. श्रावणात एका मोठ्या गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. किरीटशेठ लालेलाल होऊन माझ्या टेबलाशी आले. "नंदुभाई, कोण आहे ते शोधा. मला माणूस पाहिजे. नाव पाहिजे."

मी नाव शोधायला बसलो. नाकारलेले सगळे वॉल्व्ह काढले आणि तक्ता मांडला. ओळींत पाच ऑपरेटर, रकान्यांत चार दोष: माप चुकलं, आटे बिघडले, ओरखडा आला, पोचा पडला. प्रत्येक घरात किती नग ते भरलं. लॅपटॉपवर काय-स्क्वेअर लावला, आणि आला की सिग्निफिकंट! नुसता नाही, दणदणीत. मी शेवटच्या रकान्यातल्या बेरजा बघितल्या. सगळ्यात मोठी बेरीज चौथ्या ओळीची. चौथी ओळ रमीलाबेनची.

रमीलाबेन आमच्याकडची एकटी बाई ऑपरेटर. नवरा गेल्यावर झाडू-फरशीच्या कामाला लागली आणि बघत बघत मशीन शिकली. तिच्याबद्दल माझं वाईट मत नव्हतं. पण हातात सिग्निफिकंट आकडा असला की माणसाला मताची गरज वाटत नाही. मी अहवाल लिहिला, शेठ म्हणाले सोमवारी तिला सांगून टाकू, उद्यापासून येऊ नकोस, आणि रविवारी सकाळी मी तुझ्याकडे आलो. खरं सांगू? सल्ला घ्यायला नव्हतो आलो. शाबासकी घ्यायला आलो होतो.

तू अहवाल वाचलास. दोनच वाक्यं होती. "ऑपरेटर आणि दोष यांच्यात लक्षणीय संबंध आढळला. सर्वाधिक दोष ऑपरेटर क्रमांक चार यांच्याकडे आहेत." तू चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंस.

"पहिलं वाक्य तक्त्याचं आहे. दुसरं तुझं आहे. दोघांना शेजारी का बसवलंस?"

"आत्या, सिग्निफिकंट आहे!"

"ते ऐकलं. काय सिग्निफिकंट आहे?"

"म्हणजे... ऑपरेटरमुळे फरक पडतो."

"'मुळे' कुठून आणलास?" असं म्हणून तू कुठल्यातरी लग्नाची पत्रिका उलटी केलीस आणि पेन्सिल घेतलीस. "हे बघ. लग्नाला शंभर पाहुणे. साठ आपले, चाळीस गुजराती. पन्नास जणांनी पुरणपोळी घेतली, पन्नास जणांनी बासुंदी. भाषेचा आणि पोळीचा काही संबंध नसेल, तर आपल्या साठांतल्या किती जणांनी पोळी घ्यायला हवी?"

"तीस."

"आणि घेतली पंचेचाळीस जणांनी. पंधरा जास्तीचे. त्यांच्यातल्या वीस जणांनी घ्यायला हवी होती, घेतली पाच जणांनीच. काय-स्क्वेअर मोठा येणार की नाही? येणार. मग निष्कर्ष काय?"

"मराठी माणसाला पुरणपोळी आवडते."

"आवडते का हे तू कुणाला विचारलंस? अरे, पोळीचं टेबल आपल्या लोकांच्या बाजूला लावलं होतं आणि बासुंदीचं त्यांच्या बाजूला. ताट हातात घेऊन मांडवभर कोण फिरतंय? तक्ता एवढंच म्हणाला, की या दोन गोष्टी एकमेकींच्या संगतीने चालल्यात. का चालल्यात ते तक्त्याला काय ठाऊक? ते बघायला मांडवात जावं लागतं."

मला राग आला होता. मी म्हटलं, "लग्नाचं सोड. रमीलाबेनचे नग सगळ्यात जास्त आहेत, हे तर खरं ना?"

"आहेत. पण ते या शेवटच्या बेरजेच्या रकान्यात आहेत. ही चाचणी त्या बेरजा तपासत नाही, त्या जशा आहेत तशा धरून पुढे जाते. तिने विचारलेला प्रश्न एवढाच, की दोषांची वाटणी सगळ्यांकडे सारख्याच प्रमाणात आहे का. उत्तर आलं, नाही. कोण वाईट, हे तिला कुणी विचारलंच नाही. आणि मला सांग, या बाईने चांगले नग किती काढले?"

"ते यात नाहीत."

"नाहीत! फक्त सांडलेलं दूध मोजलंस, आणि सगळ्यात मोठं पातेलं कुणाचं होतं ते बघितलंच नाहीस."

मग तू मला घरं तपासायला लावलीस. प्रत्येक घरातला खरा आकडा, संबंध नसता तर अपेक्षित असलेला आकडा, दोघांतला फरक, आणि तो फरक नेहमीच्या चढउताराच्या किती पट आहे. तुझा नियम साधा होता. "दोनच्या आत असेल तर गप्प बसायचं. दोनच्या वर गेलं तर मान वळवून बघायचं. तीनच्या वर गेलं तर उठून जायचं." वीस घरांपैकी एखादं उगाचच दोनच्या वर जातं, त्याच्यामागे धावायचं नाही, हेही बजावलंस.

एकोणीस घरं गप्प होती. रमीलाबेनच्या ओळीत आट्यांचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी. मापाचा कमी. ओरखड्यांचाही जरा कमीच. आणि पोच्याच्या घरात पाचाच्या वर.

"पाच?" तू खुर्चीतून पाय खाली घेतलेस. "पोचा कशाने पडतो रे?"

"आपटल्याने."

"ड्रिल मारताना आपटतो?"

"नाही. नंतर. काढून टाकताना."

"मग इथे बसून काय चेवडा खातोयस?"

सोमवारी मी शेठच्या आधी पोहोचलो. आधी उत्पादनाचं रजिस्टर काढलं. रमीलाबेनचे नग पाचांत सगळ्यात जास्त होते. पोचे बाजूला ठेवले, तर तिच्या शंभर नगांमागचे दोष सगळ्यांत कमी. मग तिच्या मशीनशी गेलो. बाकी चौघांकडे माल ठेवायला प्लॅस्टिकचे क्रेट. तिचं मशीन भिंतीकडचं, जुनं, आणि तिथे अजून लोखंडी टब होता. त्याच्या तळाला रबराची चटई असायची. ती फाटून तिचा अर्धा तुकडा उरला होता. वॉल्व्ह सुटला की थेट लोखंडावर, ठण्ण!

मी वाकून बघत होतो. रमीलाबेनने मशीन थांबवलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "साहेब, में तो तमने कह्युं हतुं." मी तर तुम्हाला सांगितलं होतं. "उत्तरायणच्या आगल्या दिवशी."

आणि मला आठवलं, आत्या. उत्तरायणच्या, आपल्या संक्रांतीच्या, आदल्या दिवशी मी पतंगाच्या दोरीला मांजा चढवून आणायच्या घाईत होतो, ती कारखान्याच्या जिन्यापाशी आली होती, चटई फाटली म्हणाली होती, आणि मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं. तोंडाने "हो हो, करतो" म्हणालो आणि वही मिटली. ती मिटली ती मिटलीच.

शेठना मी तक्ता दाखवला, टब दाखवला, रजिस्टर दाखवलं. ते म्हणाले, "एटले बाईचा वांक नाही? टबचा वांक?" मी म्हटलं, हो, टबचाच दोष. त्याच दिवशी नवा क्रेट आला. रमीलाबेनला कुणी काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पोचे महिनाभरात जवळजवळ बंद झाले. शेठनी चार माणसांत माझी पाठ थोपटली, म्हणाले, "आपले नंदुभाई आकड्यांचे डॉक्टर छे." मी ती थोपटून घेतली. तुझं नावसुद्धा घेतलं नाही.

तुला मी संध्याकाळी फोन केला. म्हणालो, "आत्या, शोधून काढलं मी. चटई फाटली होती." तू केवढी आनंदलीस! "शोधून काढलंस ना? गेलास ना उठून?" मी म्हटलं, हो. चटई फाटल्याचं मला सात महिन्यांपूर्वी कुणीतरी स्वतः येऊन सांगितलं होतं, हे मी गाळलं. एवढंसं तर होतं. नंतर सांगू म्हटलं.

नंतर आपण भांडत बसलो, नेहमीसारखे. नवा क्रेट आल्यावर दोन महिन्यांनी मी पुन्हा तोच तक्ता केला. या वेळी सिग्निफिकंट आला नाही. मी नाचत आलो, "संबंध संपला!" तू म्हणालीस, "संबंध दिसला नाही असं म्हण. आता दोष इतके थोडे राहिलेत, की असला तरी या तक्त्याला दिसणार नाही." मी चिडलो. म्हटलं, "आत्या, कारखान्यात असं चालत नाही. तिथे हो किंवा नाही म्हणावं लागतं. शेठ माझ्या तोंडाकडे बघत उभे असतात." तू म्हणालीस, "मग म्हण ना. निर्णय तू घे. फक्त तो तक्त्याच्या नावावर खपवू नकोस."

मी अजून म्हणतो, तू जरा जास्तच कडक होतीस. एवढी सावध माणसं कारखाना चालवू लागली तर वॉल्व्ह दिवाळीनंतर निघतील. हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. तुझं उत्तर काय असतं, तेही मला माहीत आहे. पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, मध्येच चष्मा वर ढकलत, आणि आधी हसत.

दसऱ्याला तू आमच्या कारखान्यात आलीस. मशीनपूजेला घरच्यांना बोलावतात ना, तेव्हा. निळी साडी नेसून आलीस, आणि शेठना पहिल्याच वाक्यात म्हणालीस, "आमचे पणजोबा सरकारी पागेत घोडे मोजायचे, हा वॉल्व्ह मोजतो. घराणं एकच." शेठ तुझ्यावर इतके खूश झाले, की तुला पेढ्यांचा अख्खा पुडा देऊन बसले. मी प्रसाद वाटण्यात गुंतलो होतो. लांबून दिसलं, तू रमीलाबेनच्या मशीनशी उभी आहेस. झेंडूच्या माळेखाली तुम्ही दोघी काहीतरी बोलत होतात. ती काहीतरी म्हणाली आणि तू तोंडाला पदर लावून हसलीस. घरी जाताना रिक्षात मी विचारलं, काय गप्पा मारत होतात? तू म्हणालीस, "काही नाही रे. बायकांचं."

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये एका दुपारी तू बरी होतीस. नर्सला विचारत होतीस, की रोज किती जणांचं बीपी एकशेवीसच लिहिता, खरं सांग. ती लाजून पळाली. मग तू माझ्याकडे वळलीस. "नंदू, तुला काही सांगायचंय का मला?"

मला वाटलं, तू निरवानिरवीचं बोलतेयस. मी म्हटलं, "नाही आत्या. तू पड जरा." तू माझ्या हातावर दोनदा थोपटलंस, मिस्कीलपणे बघितलंस आणि डोळे मिटलेस. ते बघणं मला तेव्हा कळलं नाही.

कळलं बेसण्याला. इथल्या रीतीने आम्ही संध्याकाळी दोन तास बेसणं ठेवलं होतं. पांढऱ्या चादरी, तुझा फोटो, लोक येऊन शांत बसून जातात ते. माणसं एवढी आली की चपला पोळाच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडापर्यंत गेल्या. त्यात रमीलाबेन आली. हाफ डे टाकून, दोन बस बदलून. फोटोला हात जोडले, माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "दसऱ्याला बेन मला विचारत होत्या, चटईचं तू आधी कुणाला सांगितलं होतंस का."

मी विचारलं, "मग?"

"मग मी सांगितलं, साहेबांना सांगितलेलं. खोटं कशाला बोलू?"

"बेन काय म्हणाल्या?"

रमीलाबेनला त्या बेसण्यातसुद्धा हसू आलं. तिने तोंडावर हात ठेवला. "बेन बोल्या, मला वाटलंच. पण तू त्याला सांगू नकोस मी विचारलं म्हणून. तो स्वतः येऊन सांगेल. जरा वेळ लावतो, पण सांगतो."

म्हणजे दसऱ्यापासून तू वाट बघत होतीस! प्रत्येक रविवारी मी येऊन तुझा चेवडा संपवून जात होतो आणि तू वाट बघत होतीस. हॉस्पिटलात तर तू दारच उघडून धरलंस, आणि मी म्हटलं, तू पड जरा.

आत्या, तर सांगतो. तिने मला सांगितलं होतं. उत्तरायणच्या आदल्या दिवशी, जिन्यापाशी. मी लिहून घेतलं आणि विसरलो. सात महिन्यांनी तिचंच नाव शेठपुढे ठेवलं, आणि तू अडवलं नसतंस तर तिची नोकरी गेली असती. मग शाबासकी मी घेतली. एवढंच. लिहायला तीन ओळी लागल्या. तू नक्की म्हणशील, बघ, पाच मिनिटांचं काम होतं.

पण तुला सांगून अर्धंच होणार होतं, हे मला तिथे चादरीवर बसल्या बसल्या कळलं. मी रमीलाबेनकडे वळून म्हटलं, "रमीलाबेन, चूक माझी होती. तुमची नोकरी जाता जाता राहिली ती माझ्यामुळे. मला माफ करा."

आजूबाजूचे दोघं-तिघं बघायला लागले. रमीलाबेन एकदम अवघडली, पदर सारखा केला, तुझ्या फोटोकडे बघितलं, आणि मग तिच्या लक्षात आलं असावं, की साहेब इतके मऊ पुन्हा कधी सापडायचे नाहीत.

"चाले हवे, साहेब, झालं ते झालं," ती म्हणाली. "पण माझ्या मशीनच्या वरचा पंखा होळीपासून बंद छे. तेवढं बघाल?"

मी वही काढली नाही. तिथेच, तुझ्या फोटोसमोर बसून, इलेक्ट्रिशियनला फोन लावला. बेसण्यात मोबाइलवर बोलतोय म्हणून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे रागाने बघितलं. मी त्यांची माफी मागितली आणि बोलणं पूर्ण केलं.

गुरुवारी पंखा बसला, आत्या. मी खाली उभा राहून बघितलं. रमीलाबेनने बटण दाबलं, तोंड वर केलं, आणि म्हणाली, "हां, आता बराबर."